वाढत्या मुलांसाठी समायोजनक्षम कंपाउंड धनुष्य : निवडीची तत्त्वे

मुलांचे कपडे ‘वाढत्या अंगाचे’ शिवून घ्यावेत, ही मराठी घरांतील जुनी रीत होय. सदऱ्याच्या बाह्या चार बोटे लांब असल्या तरी त्यात कोणाचे काही बिघडत नाही. वर्ष-दीड वर्षात अंग कपड्याला गाठते आणि खर्च सार्थकी लागतो. क्रीडासाहित्याच्या खरेदीतही ही दृष्टी नकळत शिरते. धनुष्याच्या बाबतीत मात्र ती अनिष्ट ठरते. मापापेक्षा मोठे धनुष्य मूल ओढू शकते, पण ते ओढताना त्याच्या खांद्याची, कोपराची व पाठीची ठेवण बिघडते. आणि एकदा अंगवळणी पडलेली सदोष ठेवण पुढे योग्य मापाचे धनुष्य हाती आले तरी सहजी सुटत नाही.

या अडचणीवर उपाय म्हणून गेल्या दोन-तीन दशकांत समायोजनक्षम कंपाउंड धनुष्ये प्रचारात आली. एकाच धनुष्याची ओढीची लांबी व ओढीचे बल ही दोन्ही माने बदलता येतात, हे त्यांचे वैशिष्ट्य. बर्लिन येथे २०२३ साली झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत कंपाउंड प्रकारातील महिलांचे वैयक्तिक विजेतेपद साताऱ्याच्या अदिती स्वामी हिने वयाच्या सतराव्या वर्षी मिळविले, तर पुरुषांचे विजेतेपद नागपूरच्या ओजस देवतळे याने पटकाविले. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडच्या मिश्र सांघिक स्पर्धेचा समावेश करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. तेव्हा आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या हाती कोणते कंपाउंड धनुष्य द्यावे, हा प्रश्न महाराष्ट्रातील पालक, शिक्षक व शारीरिक शिक्षणाचे अभ्यासक यांच्या दृष्टीने आता केवळ ग्रंथगत राहिलेला नाही. प्रस्तुत लेखात या निवडीमागील यांत्रिक व शारीरिक तत्त्वांचे विवेचन केले आहे.

१. रचनेतील मूळ अडचण

कंपाउंड धनुष्याचा शोध अमेरिकेतील मिसूरी राज्याचे रहिवासी हॉलेस विल्बर ॲलन यांनी लावला. त्यांनी पेटंटसाठी १९६६ मध्ये अर्ज केला व १९६९ च्या डिसेंबरात ते त्यांना मिळाले. साध्या धनुष्यात प्रत्यंचा जितकी मागे ओढावी तितके बल वाढत जाते आणि नेम धरण्याच्या क्षणी धनुर्धराला सर्वाधिक भार सोसावा लागतो. ॲलन यांनी पात्यांच्या टोकांना मध्यबिंदू सोडून फिरणारी चाके बसविली. या चाकांना आज ‘कॅम’ म्हणतात. त्यांच्यामुळे ओढीच्या मधल्या टप्प्यात बल कमाल होते व अखेरीस ते झपाट्याने उतरते. या उताराच्या प्रमाणास ‘लेट-ऑफ’ ही संज्ञा आहे. कमाल बल ३० पौंड व लेट-ऑफ ७० टक्के असेल, तर पूर्ण ओढीच्या स्थितीत हातावर केवळ ९ पौंड भार उरतो.

या सोयीची किंमत मात्र द्यावी लागते. वेळूचे धनुष्य मूल आपल्या हाताच्या आवाक्याइतके ओढते व तेथे थांबते. कंपाउंड धनुष्यात कोठे थांबावयाचे हे कॅमचा आकार ठरवितो. बलाचा उतार संपताच दोरी पुढे सरकेनाशी होते. मैदानावरील भाषेत तेथे ‘भिंत’ लागते. ही भिंत मुलाच्या हाताच्या आवाक्यापलीकडे असेल, तर त्याला एक तर शरीर ताणून तेथवर जावे लागते, किंवा उतार येण्यापूर्वीच पूर्ण भाराखाली थांबावे लागते. म्हणजेच साध्या धनुष्याच्या मापात थोडी तफावत चालते, कंपाउंडच्या मापात ती चालत नाही. आणि मुलाचे माप तर सतत बदलत असते. समायोजनाची गरज या विसंगतीतून निर्माण झाली आहे.

समायोजन दोन ठिकाणी होते. पाती मधल्या दांड्याला ज्या बोल्टांनी जोडलेली असतात, ते घट्ट वा सैल करून ओढीचे बल बदलता येते. कॅमवर बसविलेला मॉड्यूल नावाचा तुकडा फिरवून किंवा बदलून ओढीची लांबी कमी-अधिक करता येते. या दोन क्रिया वरकरणी स्वतंत्र भासल्या तरी त्या तशा नाहीत, हे पुढे दिसून येईल.

२. वाढीचे दोन वेग

शरीराची वाढ एकसारख्या गतीने होत नाही. उंचीच्या वाढीचा सर्वाधिक वेग मुलींत सर्वसाधारणपणे बाराव्या व मुलांत चौदाव्या वर्षाच्या आसपास आढळतो. व्यक्तिपरत्वे हा काळ दोन-दोन वर्षे अलीकडे वा पलीकडे जातो. त्या वर्षी मुलग्यांची उंची सुमारे ९ ते १० सेंटिमीटरांनी व मुलींची सुमारे ८ सेंटिमीटरांनी वाढते. दोन्ही हात आडवे पसरले असता एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर, म्हणजे वाव, हे स्थूलमानाने उंचीइतकेच असल्याने तेही त्याच मानाने वाढते.

स्नायूंच्या बळाची वाढ मात्र उंचीच्या पावलावर पाऊल टाकून येत नाही. मुलग्यांत बळवाढीचा सर्वाधिक वेग उंचीच्या वेगानंतर काही महिने ते वर्षभराने येतो. दरम्यानच्या काळात लांब झालेल्या हाताला पेलण्याजोगे बळ आलेले नसते. शिवाय खांद्याजवळील वाढीची कूर्चा पौगंडावस्थेच्या अखेरीपर्यंत अस्थीत रूपांतरित झालेली नसल्याने पुनःपुन्हा होणाऱ्या अतिताणाचा उपद्रव तिला विशेष होतो.

यावरून निवडीचे प्रधान तत्त्व निष्पन्न होते : लांबी आधी व बल मागाहून. धनुष्याने हाताची लांबी तत्काळ गाठली पाहिजे. स्नायूंच्या बळाची मात्र त्याने वाट पाहिली पाहिजे. ज्या धनुष्यात ही दोन्ही माने अशा क्रमाने बदलणे सुलभ आहे, ते खऱ्या अर्थाने वाढत्या मुलाचे धनुष्य होय.

३. लांबीचे गणित

ओढीची लांबी पूर्ण ओढीच्या वेळी प्रत्यंचेवरील बाणाच्या खाचेपासून मुठीच्या सर्वांत खोलगट भागापर्यंत मोजतात व तीत पावणेदोन इंच मिळवितात. मुलाची अंदाजी लांबी काढण्याची सोपी रीत म्हणजे वाव इंचांत मोजून त्याला अडीचाने भागणे. वाव सेंटिमीटरांत मोजल्यास भाजक ६.३५ येतो. त्यानुसार १२५ सेंटिमीटर वावेच्या मुलास सुमारे पावणेवीस इंच, १५० सेंटिमीटरांस सुमारे साडेतेवीस इंच व १७० सेंटिमीटरांस सुमारे पावणेसत्तावीस इंच लांबी लागते. प्राथमिक शाळेतील मूल महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर येईपर्यंत सुमारे सात इंचांचा पल्ला ओलांडते. सर्वाधिक वाढीच्या एका वर्षात, वाव ९ सेंटिमीटरांनी वाढली असे धरल्यास, लांबी जवळजवळ दीड इंचाने बदलते. धनुर्विद्येत अर्ध्या इंचाचा फरकही ठेवणीत जाणवतो, हे ध्यानी घेतल्यास वर्षातून एकदा माप घेणे अपुरे का, हे निराळे सांगावयास नको. वाढीच्या जोराच्या काळात दर तीन महिन्यांनी वाव मोजणे श्रेयस्कर.

हे गणित प्रारंभापुरतेच होय. अंतिम निर्णय मुलाच्या ठेवणीवरून घ्यावा. लांबी अधिक असेल तर मूल कमरेतून मागे रेलते, धनुष्य धरलेला खांदा वर चढतो, कोपर उलट बाजूस ताठरते आणि सुटलेली दोरी हाताला चाटून जाते. लांबी कमी असेल तर दोरीचा हात गालाशी यथास्थित स्थिरावत नाही व मूल आखडल्यासारखे दिसते. दोहोंपैकी चूक व्हावयाचीच असेल, तर ती अर्धा इंच कमी असण्याकडे व्हावी, कारण तिने ठेवण कमी बिघडते.

४. दोन भिन्न उत्तरे

बदलत्या लांबीच्या प्रश्नाला धनुष्यकारांनी दोन परस्परविरुद्ध उत्तरे दिली आहेत, आणि निवडीचा खरा विचार या दोहोंच्या तुलनेत आहे.

पहिले उत्तर म्हणजे भिंतच काढून टाकणे. मॅथ्यूज या अमेरिकन कारखान्याचे संस्थापक मॅट मॅकफर्सन यांनी रचलेल्या ‘जेनेसिस’ धनुष्यात लेट-ऑफ शून्य आहे. बल आरंभी चढते व नंतर ओढीच्या अखेरीपर्यंत जवळजवळ समपातळीवर राहते. उतार नसल्याने ठरावीक थांबाही नाही. १५ ते ३० इंचांपर्यंत कोणत्याही लांबीवर कोणीही ते ओढावे. बल १० ते २० पौंडांच्या दरम्यान ठेवता येते. २००२ साली अमेरिकेतील केंटकी राज्यात शालेय धनुर्विद्येचा जो राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्यात याच धनुष्याचा अंगीकार करण्यात आला. तेथे मुले नेमाचे साधन वा दोरी सोडण्याचे यांत्रिक साधन न वापरता, बोटांनी दोरी ओढून १० व १५ मीटरांवरील लक्ष्यावर नेम धरतात. वर्गातील ठेंगणे मूल व उंच मूल एकच धनुष्य पाठोपाठ हाती घेऊ शकते. मधे कोणतेही हत्यार लागत नाही. शाळेच्या दृष्टीने हा लाभ फार मोठा आहे.

तथापि या रचनेत दोन उणिवा राहतात. २० पौंडांवर लावलेल्या धनुष्याचे २० पौंड नेम धरताना हातावर कायम असतात. कंपाउंडचा जो मुख्य गुण, तोच येथे त्यागलेला आहे. दुसरे असे की, भिंत नसल्याने दर वेळी दोरी नेमकी त्याच जागी आणण्याची शिस्त मुलाला स्वतः लावून घ्यावी लागते. शिक्षक दक्ष असेल तर ही उणीव गुणात परिणत होते. तो दक्ष नसेल तर मूल थकत जाते, तसतशी ओढ आखूड होत जाते आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसरे उत्तर म्हणजे भिंत कायम ठेवून ती सरकती करणे. या वर्गातील धनुष्यांत फिरणाऱ्या मॉड्यूलने लांबी सुमारे १२-१३ इंचांपासून ३० इंचांपर्यंत व बोल्टांनी बल ५ पौंडांपासून ७० पौंडांपर्यंत नेता येते, असे आकडे छापलेले आढळतात. लेट-ऑफ असल्याने नेम निवांत धरता येतो. दोरी दर वेळी एकाच जागी थांबते. नेमाचे भिंग, पीप व रिलीज ही स्पर्धेतील साधने वापरण्याचा सराव लवकर होतो. ज्या मुलाने कंपाउंड हाच प्रकार निश्चित केला आहे व ज्याचे धनुष्य त्याच्या एकट्याचे आहे, त्याला हे उत्तर अधिक मानवते.

परंतु छापील आकडे वाचताना विवेक हवा. बल व लांबी यांच्या दोन्ही कमाल मर्यादा एकत्र मिळतात. दोन्ही टोके हवी तशी जोडता येत नाहीत. बहुतेक अशा धनुष्यांत आखूड लांबीवर मिळू शकणारे कमाल बलही कमी असते. मुलाच्या दृष्टीने यात तोटा नाही. धोका आहे तो याच्या उलट दिशेने. मुलाची उंची वाढली म्हणून मॉड्यूल पुढच्या खुणेवर नेला की, बोल्टांना हात न लावताही बल वाढते. मूल अकस्मात चाचरू लागते व त्याचे कारण आळस वा अनुत्साह समजले जाते. म्हणून लांबी बदलल्यावर बल तराजूवर पुन्हा मोजणे व आवश्यक तर बोल्ट सैल करून ते पूर्ववत करणे अगत्याचे आहे. दोन्ही बोल्ट समान फेऱ्यांनीच फिरवावेत, अन्यथा वरच्या व खालच्या पात्यांचा समतोल ढळतो. उत्पादकाने सांगितलेल्या फेऱ्यांपलीकडे ते सैल केल्यास पाते खोबणीतून निसटण्याचा संभव असतो.

५. बलाची निश्चिती

लेट-ऑफ ही सोय असली तरी ती परीक्षकाची दिशाभूल करते. पूर्ण ओढीवर मूल शांत उभे दिसते, कारण तेव्हा त्याच्या हातावर ९ पौंडच असतात. तेथवर पोचताना त्याने ३० पौंडांचा चढ कसा ओलांडला, हे पाहणाऱ्याच्या नजरेतून सुटते. बल अधिक असल्याचे चिन्ह चढावर दिसते : मूल धनुष्य आकाशाकडे उचलून, शरीराला हिसका देऊन दोरी ओढते. म्हणून परीक्षा ओढीच्या क्रियेची घ्यावी. मुलाला खुर्चीवर बसवून, पाय जमिनीपासून उचलण्यास सांगून, बाण लक्ष्याकडेच रोखलेला ठेवून सावकाश ओढावयास लावावे. असे करताना शरीर डगमगले, तर बल अधिक आहे असे निश्चित समजावे.

याहून महत्त्वाची परीक्षा दोरी न सोडता परत नेण्याची आहे. नेम जमला नाही म्हणून मूल दोरी पुढे नेऊ लागते, तेव्हा ९ पौंडांचा भार क्षणार्धात ३० पौंडांवर चढतो व हात पुढे खेचला जातो. ज्याला दोरी सावकाश परत नेता येत नाही, त्याला ते धनुष्य पेलत नाही. कारण असे मूल नेम चुकलेला असूनही नाइलाजाने बाण सोडते. मैदानावरील इतरांच्या सुरक्षिततेचा प्रश्न येथे उपस्थित होतो.

बल वाढविण्याची घाई अनावश्यक का, हेही गणिताने दाखविता येते. धनुष्यात साठणारी ऊर्जा बल व ओढीचे प्रत्यक्ष अंतर या दोहोंवर अवलंबून असते. स्थिर प्रत्यंचा मुठीपासून ७ इंचांवर आहे असे धरले, तर २० इंच लांबीच्या ओढीत दोरी प्रत्यक्षात सव्वाअकरा इंच चालते व २३ इंचांच्या ओढीत सव्वाचौदा इंच. बल तेच व त्याच्या चढउताराची घडण तीच राहिली, तर केवळ लांबीच्या वाढीने ऊर्जा सुमारे चौथाईने वाढते व तोच बाण सुमारे एक-अष्टमांश अधिक वेगाने जातो. अर्थात मुलाचे हात लांब होताच त्याचे धनुष्य आपोआप जोमदार होत असते. बल वाढविले नाही म्हणून मूल मागे पडेल, ही भीती अनाठायी आहे.

६. समायोजनाबाहेरच्या गोष्टी

काही गोष्टी कोणत्याही बोल्टाने बदलत नाहीत. त्यांचा विचार खरेदीपूर्वीच करावा लागतो. पहिली गोष्ट डावे-उजवेपणाची. ज्या डोळ्याचा प्रभाव अधिक, त्या बाजूचे धनुष्य निवडावे, असा संकेत आहे. दोन्ही तळहातांच्या मधल्या छोट्या फटीतून दूरची वस्तू पाहावयास लावून व एकेक डोळा मिटावयास सांगून प्रभावी डोळा ओळखता येतो. लिहिण्याचा हात उजवा म्हणून डोळाही उजवाच असेल, असे नव्हे.

दुसरी गोष्ट धनुष्याच्या स्वतःच्या वजनाची. जेनेसिसचे वजन सुमारे साडेतीन पौंड, म्हणजे दीड किलोग्रॅमहून किंचित अधिक आहे. पसरलेल्या हाताच्या टोकाशी हे वजन पेलणे लहान मुलाला ओढीच्या बलाइतकेच जड जाते. तिसरी गोष्ट दोन कॅमच्या आसांमधील अंतराची. मुलांची धनुष्ये सुटसुटीत असावीत म्हणून हे अंतर सुमारे ३० इंच ठेवण्याकडे कल असतो, तर लक्ष्यवेधाच्या स्पर्धांतील प्रौढांच्या धनुष्यांत ते साधारणतः ३६ ते ४० इंच असते. आखूड धनुष्य लांब हातांनी ओढले असता दोरीचा कोन तीव्र होतो व चेहऱ्याशी तिचा मेळ बसत नाही. म्हणून ‘३० इंचांपर्यंत चालते’ या आश्वासनातील अखेरचे काही इंच स्पर्धकाच्या फारसे कामाचे नसतात. बलाच्या बाबतीतही तोच प्रकार. आंतरराष्ट्रीय लक्ष्यवेधाच्या नियमांनुसार कंपाउंडचे कमाल बल ६० पौंडांहून अधिक चालत नाही; तेव्हा ७० पौंडांचे टोक तेथे निरुपयोगीच होय. जाहिरातीतील बाणाचा वेगही सामान्यतः ७० पौंड, ३० इंच व ३५० ग्रेनचा बाण या मानांवर मोजलेला असतो. १८ पौंड व २१ इंचांवर धनुष्य ओढणाऱ्या मुलीला त्या आकड्यातून कोणताही बोध होत नाही.

चौथी गोष्ट बाणांची. तिच्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. धनुष्य वाढते, बाण वाढत नाही. लांबी दीड इंचाने वाढविल्यावर जुन्या बाणाचे टोक आधारावरून मागे घसरून हातावर येऊ शकते व अशा स्थितीत दोरी सुटल्यास गंभीर इजा होते. म्हणून मुलांचे बाण आरंभापासून दोन-तीन इंच लांब ठेवावेत व प्रत्येक समायोजनानंतर पूर्ण ओढीवर तपासावेत. बाण फार हलकाही नसावा. ओढीच्या प्रत्येक पौंडामागे किमान ५ ग्रेन, हे प्रचलित मान आहे. बाणाविना दोरी सोडण्यास तर सक्त मनाई हवी, कारण बाणाला मिळावयाची ऊर्जा अशा वेळी पात्यांत व कॅममध्येच जिरते आणि ती तडकतात.

अखेरची गोष्ट सोयीची आहे, पण गौण नव्हे. काही धनुष्यांत मॉड्यूल साध्या षट्कोनी चावीने फिरतो, तर काहींत त्यासाठी पाती दाबून धरणारे बो-प्रेस हे यंत्र लागते. ज्या गावात असे यंत्र नाही, तेथे दुसऱ्या प्रकारचे धनुष्य नावापुरतेच समायोजनक्षम राहते. समायोजन लांबणीवर पडते व मूल महिनोन्‌महिने चुकीच्या मापाने सराव करीत राहते.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून निवडीचा क्रम असा ठरतो. प्रथम प्रभावी डोळा ओळखावा व वाव मोजावी. नंतर धनुष्य अनेकांनी वापरावयाचे की एकाच मुलाने, हे ठरवावे : अनेकांसाठी भिंत नसलेले, एकासाठी सरकत्या भिंतीचे. त्यानंतर मर्यादांचे खालचे टोक पाहावे. मुलाची आजची लांबी व आज पेलणारे बल ही दोन्ही त्या धनुष्यात एकाच वेळी मिळत असतील, तरच पुढचा विचार करावा. आणि लांबीच्या खुणा अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या असल्यास त्याला अग्रक्रम द्यावा. वरचे टोक शेवटी पाहावे. तीन-चार वर्षांची वाढ त्यात सामावली म्हणजे पुरे.

बाजारात मात्र नेमका याच्या उलट क्रम चालतो. धनुष्य किती वर्षे पुरेल, हा प्रश्न आधी विचारला जातो व आज ते बसते की नाही, हा नंतर. दर तीन महिन्यांनी घेतलेले वावेचे एक माप, लांबी बदलताच बलाची पुन्हा केलेली एक मोजणी आणि दोरी सावकाश परत नेण्याची एक परीक्षा एवढी सामग्री प्रत्येक शाळेच्या आवाक्यात आहे. ती नसेल, तर कितीही खुणा असलेले धनुष्य अखेर ‘वाढत्या अंगाचा’ सदराच ठरते. फरक इतकाच की, त्याचा भार मुलाच्या खांद्याला सोसावा लागतो.